‘कळलं नाही’ म्हणणारा रामहरी

सुरुवातीलाच माफी मागतो. विभागाच्या अंकासाठी प्रत्येकानं आपल्या एका सहकाऱ्याविषयी लिहावं असं ठरलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. मनातून मात्र कुणी तिसऱ्यांदा विचारावं असं वाटत होतं. विचारलं, म्हणून लिहितोय.

मला लिहायची सवय नाही. आजवर डिस्चार्ज कार्डं लिहिली आणि एक प्रबंध लिहिला, तोही गाइड सरांनी तीन वेळा परत पाठवला. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळं चार ओळी लिहिल्या की त्या कुणाला तरी दाखवून घ्याव्यात असं अजून वाटतं. दुसरी अडचण याहून मोठी आहे. ज्याच्यावर लिहायचं त्या रामहरीचा मी तीन वर्षं हेवा केला, आणि खरं सांगायचं तर तो अजून सुटलेला नाही. अशा माणसानं त्याच्यावर लिहावं की नाही, मला ठरवता येत नाही. पण त्याच्याकडं माझ्याइतकं बारकाईनं कुणी पाहिलंही नसेल.

आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच युनिटला, एमडी मेडिसिनसाठी रुजू झालो. मी वैजापूर तालुक्यातला, कापूस आणि कांदा पिकवणाऱ्या घरातला. तो गंगापूरकडचा. त्याचे आईवडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागं फिरायचे, आणि तो आश्रमशाळेत राहून शिकलेला. तो शहरातला असता, डॉक्टरांच्या घरातला असता, तर मला सोपं गेलं असतं. अशी मुलं पुढं का जातात याचं कारण माझ्याकडं तयार होतं: त्यांना घरातून मिळालंय, आपल्याला नाही. ते कारण मी बारावीपासून जपून वापरत आलो होतो. रामहरी आला आणि ते माझ्या हातातून गेलं. त्याला तर माझ्याहूनही कमी मिळालं होतं.

दिसायला तो बुटका आणि रुंद होता. उभं राहायची त्याची एक तऱ्हा होती. एका पायावर सगळा भार, दुसरं पाऊल त्या पायाच्या घोट्यावर टेकवलेलं, आणि हात सलाइनच्या स्टँडवर, जणू ती काठी आहे. राउंडला सगळे ताठ उभे असताना हा असा उभा. नर्सबाई म्हणायच्या, “डॉक्टर, स्टँड पडेल.” तो म्हणायचा, “नाय पडत सिस्टर, मी धरलाय.”

पहिल्याच महिन्यात विभागप्रमुख मॅडमनी आम्हाला सांगितलं की फक्त वॉर्ड सांभाळून डॉक्टर घडत नाही. परिषदांना जा, काम मांडा, डॉक्टरांच्या संघटनेच्या समित्यांत बसा. आणि शेवटी म्हणाल्या, “तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत हृदयविकाराचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. आपल्या विभागातून एकच नाव जातं. परिषदेत काम मांडलेलं असलं पाहिजे.”

ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी कुणाजवळही ती हवी आहे असं बोललो नाही. रामहरी मात्र त्याच दिवशी कॅन्टीनला चहा पिताना म्हणाला, “दत्ता, मला जायचंय तिथं.”

मी म्हणालो, “जा की.”

“तुला नाय जायचं?”

“बघू.”

त्याच्या यशाची सुरुवात एका वाक्यानं झाली, आणि ते वाक्य माझं होऊ शकलं असतं. दर गुरुवारी सेमिनार असायचा. एकदा पुण्याहून एक नामांकित डॉक्टर व्याख्यानाला आले. ईसीजीच्या पट्टीतला एक बारकावा ते समजावत होते. मला काही कळलं नव्हतं. मी वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि मान हलवत राहिलो. माझ्या शेजारून रामहरी उठला.

“सर, मला कळलं नाही. परत सांगता का?”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. डॉक्टरांनी परत सांगितलं. रामहरी बसला नाही.

“आता निम्मं कळलं, सर.”

आता सगळेच हसले, डॉक्टरही. मग त्यांनी प्रोजेक्टर बंद करून खडू घेतला, आणि वीस मिनिटं फळ्यावर एकच लाट काढून दाखवली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, “तो निम्मं कळलेला मुलगा कुठाय?” त्यानंतर संघटनेतर्फे निवासी डॉक्टरांसाठी चालणाऱ्या एका अभ्यासगटात रामहरीचं नाव आलं. माझी प्रश्नचिन्हाची वही अजून घरी आहे.

मी त्याला म्हणालो, “तुला लाज नाही वाटत का रे, शंभर लोकांत उठायची?”

“कशाची? त्यांना येतंय, मला नाय येत. तेवढंच तर सांगितलं.”

हे तो इतकं सहज म्हणाला की मला त्याचा राग आला. त्याच महिन्यात त्याला एका तोंडी परीक्षेत कमी गुण पडले. मी त्याची समजूत घातली आणि त्या दिवशी मला जेवण चांगलं गेलं.

दुसरी गोष्ट त्याच्या वहीची. त्याचे वडील संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाड्यात घेताना तोंडाशी उभे राहून एकेक मोजायचे. कमी भरलं की कोणतं कमी ते त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, आणि ते सापडेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही. रामहरीनं वॉर्डात तेच सुरू केलं. बीपी, शुगर, हृदय कमजोर असलेले पेशंट घरी सोडताना आपण म्हणतो, “पंधरा दिवसांनी दाखवायला या.” किती येतात, कुणी मोजत नाही. रामहरीनं एक लांबट वही केली. डावीकडं गेलेल्यांची नावं, उजवीकडं परत आलेल्यांची खूण. महिन्याभरात उजवी बाजू अर्धीही भरली नाही.

“कुठं गेली ही सगळी?” तो वही बघत म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर मेंढरू हरवल्यासारखा झाला होता.

मग आम्ही दोघांनी फोन लावायला सुरुवात केली. गंगापूर-पैठणकडचे त्यानं, वैजापूर-कन्नडकडचे मी. त्याला वाटत होतं कारण एसटीच्या वेळेत आहे. गाडी पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद होते. थोडं तेही होतं. पण वैजापूरजवळच्या एका वस्तीवर मी फोन केला, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं, “गोळ्या सरल्या ना साहेब. म्हंजी आजार सरला. आता कशाला यावं?”

मी आणखी दहा-बारा घरी विचारलं. सगळीकडं हेच. पाकीट संपलं की दुखणं संपलं असा त्यांचा हिशेब, कारण तापाच्या गोळ्यांचं तसंच असतं, आणि बीपीच्या गोळ्यांचं तसं नसतं हे आम्ही कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी रामहरीला हे सांगितलं तेव्हा तो बाकावरून उठून उभा राहिला.

“दत्ता, लई मोठं सापडलं तुला.”

तुला, असंच तो म्हणाला होता. मला तो शब्द नीट आठवतो.

आता मधेच एक जेवणाची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

एका रविवारी तो मला त्याच्या आईवडिलांकडं घेऊन गेला. गंगापूरच्या पुढं, ऊस तोडून झालेल्या एका शेतात त्यांची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. दुपार झाली होती. त्याच्या आईनं भाकरीची टोपली आणि कालवणाचं पातेलं मधे ठेवलं आणि ती कोकरं बघायला गेली. रामहरीनं भाकर उचलली, त्याच्या वडिलांनी उचलली. मी बसून राहिलो. आमच्याकडं पाहुण्याला ताट वाढतात. तो नको नको म्हणतो, घरची बाई घ्या घ्या म्हणते, तो थोडंच म्हणतो, ती दोन वाढते. असं तीनदा झालं म्हणजे जेवण सुरू होतं. न विचारता टोपलीत हात घालणारा माणूस आमच्या गावात वर्षभर बोलण्याचा विषय होईल.

त्याची आई परत आली आणि म्हणाली, “ह्यो पोरगा जेवत का नाय?”

रामहरी म्हणाला, “भूक नसंल त्याला.”

तिनं टोपली झाकून ठेवली. मी उपाशी परत आलो. रस्त्यात त्याला म्हणालो, “तुमच्यात पाहुण्याला आग्रह करत नाहीत का?”

“भाकर मधी ठेवलीय म्हणल्यावर आग्रह कसला? भूक लागली तर घ्यायची. रानात कोण कुणाला वाढत बसतं?” आणि मग थांबून त्यानं विचारलं, “तुला भूक होती व्हय?”

“नव्हती,” मी म्हणालो.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी संघटनेच्या राज्य परिषदेत ते वहीचं काम मांडायला सांगितलं. आधी एका पानाचा गोषवारा आणि वर लेखकांची नावं असा फॉर्म भरायचा होता. माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं, म्हणून लिहायला मी बसलो. रामहरी शेजारी उभा, एका पायावर. मी पहिलं नाव त्याचं लिहिलं. वही त्याची होती, ते बरोबरच होतं. शेवटी मॅडमचं लिहिलं. मधली जागा मोकळी सोडली आणि पेन थांबवलं.

मी वाट बघत होतो. तो म्हणेल, “अरे, तुझं?” मी म्हणेन, “राहू दे रे.” तो म्हणेल, “असं कसं, लिही.” मग मी लिहीन. माझं सगळं बोलणं तयार होतं.

त्यानं फॉर्म उचलला, वरून खाली बघितला आणि सही केली. “झालं ना? देऊन येतो, खिडकी बंद होईल,” म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी पूर्वीसारखाच बोलत राहिलो, पण आतून नाही. त्याचे सगळे गुण मला दोषासारखे दिसायला लागले. तो पेशंटच्या खाटेवर बसून बोलायचा, तर मला वाटायचं दाखवायला बसतो. तो मावशींना वॉर्ड पुसायला बादली उचलून द्यायचा, तर मला वाटायचं मॅडम येण्याची वेळ बघून उचलतो. मॅडम त्या वेळी रजेवर होत्या, तरी वाटायचं. परिषदेच्या आठवड्यात त्याचा घसा बसला. मला बरं वाटलं. मीच त्याला मिठाच्या गुळण्या करायला गरम पाणी आणून दिलं, आणि ते देतानाही मला बरं वाटत होतं.

परिषदेत आमचं पोस्टर भिंतीवर लागलं. वर मोठ्या अक्षरात मराठीतच लिहिलं होतं: “गोळ्या सरल्या, म्हणजे आजार सरला.” माझ्या म्हाताऱ्या बाबांचं वाक्य. लोक तेच वाचून थांबत होते. रामहरी बसलेल्या आवाजात सांगत होता, “हे वाक्य दत्ताला मिळालं, ह्यो दत्ता,” आणि माझ्याकडं बोट करत होता. मी हसत होतो. मग एक बाई वाकून नावं वाचायला लागल्या आणि म्हणाल्या, “पण यांचं नाव कुठंय?”

रामहरी वळला. त्यानं पोस्टर वाचलं, नावांच्या ओळीवर बोट फिरवत.

“नाव कुठाय तुझं?”

“असू दे रे. माझं काय होतं त्यात.”

“अरे असं कसं?” हे त्याचं वाक्य अखेर आलं, पण आठ महिने उशिरा. त्यानं खिशातून जाड निळं स्केचपेन काढलं आणि छापलेल्या पोस्टरवर, स्वतःच्या नावाच्या शेजारी, वाकड्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. नेमके त्याच वेळी परीक्षक आले. त्यांनी विचारलं, त्यानं सांगितलं. त्यांतले एक वयस्कर डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “असा प्रामाणिक मुलगा हल्ली दिसत नाही.” पोस्टरला बक्षीस मिळालं. मला नाव मिळालं, आणि ते लिहिल्याचं कौतुकही त्यालाच मिळालं. परिषदेच्या छापील पुस्तिकेत माझं नाव नव्हतंच. वर्षाअखेर संघटनेच्या समितीवर निवासी डॉक्टरांचा प्रतिनिधी म्हणून कुणाला घेतलं, ते सांगायला नको.

मग तिसरं वर्ष संपत आलं. मॅडमनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. प्रशिक्षणासाठी नाव पाठवायचं होतं. मॅडमनी आधी माझ्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “पुस्तिकेत तुझं नाव नाही, पण काम दोघांचं आहे हे मला माहीत आहे. तसं पत्र मी देऊ शकते. दत्ता, तुला जायचंय का?”

तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं. टोपली मधे ठेवलेली होती. आणि मी म्हणालो, “रामहरीला जाऊ द्या मॅडम. मी बघेन पुढं.”

मॅडमनी आणखी एकदा विचारावं म्हणून मी जमिनीकडं बघत थांबलो. त्यांनी विचारलं नाही. त्यांना बारा वाजता बैठक होती.

“रामहरी?”

“मला जायचंय मॅडम.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि त्याचं नाव लिहिलं.

तो निघाला त्या दिवशी मी त्याला बसस्थानकावर सोडायला गेलो. आधी घरी, मग तिकडं, असा त्याचा बेत होता. एक लोखंडी पेटी, एक घोंगडं, आणि ती लांबट वही एका पिशवीत. गंगापूरची गाडी फलाटाला लागली होती. तो खिडकीत बसला, मी खाली उभा. का ते माहीत नाही, पण माझ्या तोंडून निघून गेलं.

“त्या फॉर्मवर मी माझं नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं.”

“कोणत्या?”

“परिषदेच्या. मला वाटलं, तू म्हणशील लिही म्हणून.”

“म्या नाय म्हणलो.”

“नाही.”

“मंग तू का नाय लिहिलं? पेन तर तुझ्याच हातात होता.”

“आमच्यात तसं आपणहून घेत नाहीत. कुणीतरी परत विचारावं लागतं. आणि मॅडमच्या केबिनमध्ये पण... मलाही जायचं होतं.”

त्याच्या कपाळावर आठी पडली, सेमिनारला पडायची तशी. त्यानं दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला.

“दत्ता, मला नाय कळलं. परत सांग.”

कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, “जाऊ दे, गाडी सुटली.” तो बाहेर डोकं काढून काहीतरी म्हणत होता, पण बाजूच्या गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. फलाटाच्या टोकाला गाडी वळेपर्यंत त्याचं डोकं बाहेरच होतं. माझ्या डोळ्यांनी त्याला पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

त्यानंतर मी याच विभागात शिकवायला राहिलो. तो प्रशिक्षण संपवून एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेला, असं ऐकलं. मला त्यातही हेवा वाटला, कारण ते मोठेपणाचं होतं. त्यानं दोनदा फोन केला. मी राउंडला आहे, नंतर करतो, असं सांगितलं आणि केला नाही. संघटनेचं बातमीपत्र आलं की मी आधी समित्यांचं पान उघडायचो. दर वर्षी त्याचं नाव असायचंच. नाव दिसलं की पान मिटायचो. समितीत तो करतो काय, हे मी कधी वाचलं नाही.

गेल्या महिन्यात अंजुम माझ्या सहीसाठी परिषदेचा फॉर्म घेऊन आली. ती आमच्याकडं दुसऱ्या वर्षाला आहे, इथल्याच शहागंजची. यंदा संघटनेत निवासी डॉक्टरांच्या बाजूनं तीच बसते. फॉर्म बघताना मला लेखकांच्या नावांखाली एक नवीन रकाना दिसला. इंग्रजीत होता, त्याचं मराठी असं होईल: “या कामात ज्यांनी मदत केली पण नाव नको म्हणाले किंवा गप्प राहिले, त्यांची नावे. त्यांना पुन्हा विचारले का? पुन्हा विचारल्याची त्यांची सही.”

मी विचारलं, “हे काय आहे?”

“नया है सर, याच वर्षी आलंय. गंगापूरकडचे एक सर आहेत समितीत, रामहरी सर. ते म्हणे तीन वर्षं प्रत्येक मीटिंगला हा एकच मुद्दा मांडत होते. सगळे कंटाळले, शेवटी घेतला. पास झाला तेव्हा मी होते तिथं.”

“कुणी काही म्हणालं नाही?”

“म्हणाले ना. एक सिनिअर सर बोलले, ज्याला नाव पाहिजे तो सांगेल की, दोनदा कशाला विचारायचं?”

“मग?”

“मग रामहरी सर उठले. म्हणाले, सर, माझ्या एका दोस्तानं मला एसटी स्टँडवर सांगितलं होतं. मला तेव्हा कळलं नव्हतं.”